किचनकडून उत्तर नाही

१

आर्डिथ क्लिंगरच्या फ्रिजवर तीन वस्तू होत्या: ब्रेडचा डबा, मेलेल्या मांजराचा फोटो आणि स्कॅनर. त्यातला फक्त स्कॅनर बोलायचा, पण तो दिवसभर बोलायचा.

टॅनरी रन गावात टीव्ही नसलेलं घर सापडेल, स्कॅनर नसलेलं नाही. अँब्युलन्स, पोलीस, आगीचे बंब, सगळ्यांचं रेडिओवरचं बोलणं त्यात ऐकू येतं. कुणाच्या घरी काय झालं ते अख्ख्या गावाला एकाच वेळी कळतं, आणि मग सगळे एकमेकांना फोन करून तेच परत सांगतात.

"मिल रोडला म्हातारा पडलाय," शेजारची डॉर्कस फोनवर म्हणायची. "ऐंशीच्या पुढचा."

"डॉर्कस, मीही तेच ऐकलं."

"स्टोव्हर असेल. नाहीतर त्याचा भाऊ."

"भाऊ जाऊन तीन वर्षं झाली."

"मग स्टोव्हरच. बरं झालं, भाऊ असता तर जास्त धक्का बसला असता."

आर्डिथचा नवरा व्हर्न गावाच्या बंबात एक्केचाळीस वर्षं बिनपगारी होता. इथे सगळेच बिनपगारी. बाकीचे आग विझवायचे, व्हर्न पाण्याचा टँकर चालवायचा. टँकर एकोणीस. बंबवाल्यांचं आपापसातलं बोलणं चार नंबरच्या चॅनेलवर चालायचं. ते चॅनेल अशक्त. डोंगरावरच्या टॉवरवर जायचं नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला काही कळायचं नाही. मैलभरात कुणाचा स्कॅनर असेल तर त्याला ऐकू यायचं, बस.

व्हर्नची एक गंमत होती. टँकर घेऊन परत येताना तो ओढ्याच्या पुलावरून, अगदी सरकारी आवाजात, चार नंबरवर घरी हाक मारायचा.

"टँकर एकोणीस, किचन."

मग थांबायचा. स्कॅनरला कान असतात, तोंड नसतं. आर्डिथ बटाटे सोलत ऐकत राहायची. दुसरी हाक. तिसरी हाक. मग व्हर्न म्हणायचा, "किचनकडून उत्तर नाही. टँकर एकोणीस, बंद." निरोप काय होता ते घरी आल्यावर सांगायचा, कारण समोरच्याने 'बोला' म्हटल्याशिवाय रेडिओवर निरोप द्यायचा नाही हा नियम तो नव्या पोरांच्या डोक्यात हाणून बसवायचा आणि स्वतः बायकोशी गंमत करतानाही पाळायचा. निरोप नेहमी एकच असायचा. भूक लागलीय.

हे तीस वर्षं चाललं. विनोद पहिल्या दोन वर्षांतच संपला होता. नंतर ती नुसती सवय होती, आणि सवय विनोदापेक्षा बरी निघाली.

२

मग रुबार्बच्या पायचं झालं, म्हणजे आंबटगोड सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात त्या पायचं.

आर्डिथने बंबाच्या स्टेशनवर तो पाय पाठवला होता. व्हर्नने चार नंबरवर जाहीर केलं, की खालचं कव्हर इतकं चिवट झालंय की फाटक्या पाइपला लावून बघितलं, दीडशे पौंडाचा दाब धरतंय. डॉर्कसने ऐकलं. रविवारी चर्चमध्ये नऊ बायकांनी आर्डिथकडे पाइपाची रेसिपी मागितली.

घरी येऊन तिने हॅट काढली, स्कॅनर चार नंबरवर थांबवला आणि लॉकआउटचं बटण दाबलं. खिडकीत बारीकसा 'एल' उमटला. याचा अर्थ स्कॅनर बाकी सगळी चॅनेल फिरणार, फक्त हे ओलांडून पुढे जाणार. व्हर्नला तिने सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही, कारण किचन कधीच उत्तर देत नसे.

अकराव्या दिवशी डोंगरापलीकडे गवत पेटलं. व्हर्न एकटा ओढ्यावर टँकर भरायला आला. चाळीस मिनिटं पाणी आलं नाही म्हणून बंबाचा प्रमुख लमार बघायला गेला. टाकी भरून वाहत होती, पंप चालूच होता. व्हर्न टँकरच्या पायरीवर बसल्यासारखा पडलेला होता, हातात माइक.

"पलीकडे आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, मिसेस क्लिंगर," लमार म्हणाला. तो पन्नाशीचा होता, पण शाळेच्या कॅन्टीनमध्ये सहा वर्षं तिनेच त्याच्या ताटात वाढलं होतं, त्यामुळे ती त्याच्यासाठी कायमची मिसेस क्लिंगर. "त्याने हाक मारली असेल तरी ते चॅनेल म्हणजे... कुणालाच पोचली नसती."

ओढा घरापासून अर्ध्या मैलावर होता. मैलभरात दुसरं घर फक्त डॉर्कसचं, आणि ती त्या दिवशी गावात नव्हती. बटाट्यांच्या टोपलीशेजारीच भिंतीवर फोन होता.

दफनाच्या वेळी कंट्रोल रूमने रिवाजाप्रमाणे व्हर्नला शेवटची हाक मारली. नंबर घेऊन तीनदा हाक, मध्ये शांतता, आणि उत्तर आलं नाही की जाहीर करायचं, हा गडी आता ड्यूटीवरून मोकळा झाला. सगळे रडले. आर्डिथ रडली नाही. ती 'एल'चा विचार करत होती. त्याने शेवटी आपल्याला हाक मारली का, आणि मारली तर काय सांगायचं होतं, एवढं एकच तिला हवं होतं, आणि ते विचारायला कुणी उरलेलं नव्हतं.

३

चौदा महिन्यांनी जिल्ह्याने सगळी चॅनेल बदलली. लमार नव्या आकड्यांचा कागद घेऊन आला.

"मी भरून देऊ का?"

"तुला चमच्याने सूप नीट पिता येत नव्हतं. मी भरते."

तिने चष्मा लावला. आधी जुनं सगळं पुसायचं, म्हणजे दोन बटणं धरून स्कॅनर चालू करायचा. तिने केलं. खिडकी कोरी झाली. जुनी चॅनेल गेली आणि त्यांच्याबरोबर तो 'एल'ही गेला. कॉफी गार होईपर्यंत ती तशीच बसली.

मग भरायला घेतलं. मॅन्युअल दाबा, चॅनेलचा नंबर, आकडे, पॉइंट, पुढचे आकडे, एंटर. चुकलं की स्कॅनर तीनदा टुकटुकायचा, तो चर्चमधल्या बायकांसारखा वाटायचा. कागदावर चार नंबरसमोर लमारने रेघ मारली होती: वापरात नाही. आर्डिथला चारचा जुना आकडा पाठ होता. तिने चारच्या जागी तोच भरला. बंबवाल्यांच्या रेडिओतून आवाजाखाली जो बारीक टोन जातो, त्याचा आकडाही घातला. तो घातला की लांबच्या परक्या गावांचं बोलणं आत शिरत नाही. ज्याच्याकडे आपला टोन, त्याच्यासाठीच दार उघडतं.

"त्याच्यावर आता कुणी नाहीये," लमार म्हणाला.

"मग त्रासही नाही," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अकरा चाळीसला स्कॅनर चारवर थांबला. टक, टक. माइकचं बटण दोनदा दाबल्याचा आवाज. पुढे काही नाही.

बुधवारी अकरा चाळीसला तो परत थांबला आणि या वेळी थांबूनच राहिला. मागे इंजिन घुरघुरत होतं आणि पाणी पडत होतं, भरलेल्या भांड्यात पडतं तसं. एक मिनिटभर. आर्डिथने नळ तपासला, मग वॉशिंग मशीन, मग स्वतःचे कान, बोटाने.

तिने लमारला फोन केला.

"उन्हाळ्यात असं होतं," तो म्हणाला. "हवा तापली की हजार मैलांवरचे सिग्नल उड्या मारत येतात. मागे आम्हाला टेक्सासचा कुणीतरी गाय शोधताना दोन तास ऐकू येत होता."

"सापडली?"

"कोण?"

"गाय."

"नाही. आम्हालाच वाईट वाटलं शेवटी."

"पण लमार, मी टोन घातलाय."

"त्यांचाही तोच असेल. टोन काय, मोजकेच असतात," तो म्हणाला. हे खरं होतं, आणि तिला ते पटलंही. गुरुवारी सकाळी अकरा अडतीसपर्यंत पटलेलं होतं.

अकरा चाळीसला इंजिन. पाणी. मग सरकारी आवाज:

"टँकर एकोणीस, किचन."

तिने सोलायची सुरी खाली ठेवली. थांबण्याची लांबी बरोबर तीच होती. माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते, पण तो किती वेळ वाट बघतो त्याची नक्कल कुणी केलेली तिने ऐकली नव्हती.

दुसरी हाक. तिसरी.

"किचनकडून उत्तर नाही. टाकी अजून भरत्येय. टँकर एकोणीस, बंद."

ती टाकी बारा मिनिटांत भरायची.

५

शुक्रवारी तिने डॉर्कसला अकरा तीसलाच बोलावून घेतलं आणि फ्रिजसमोर खुर्चीत बसवलं.

"काय ऐकायचंय?"

"गप्प बस आणि ऐक."

"गप्प बसायचं होतं तर मला कशाला बोलावलंस?"

अकरा चाळीस. इंजिन, पाणी, हाक. डॉर्कसच्या हातातली बिस्किटाची बशी हळूहळू तिरकी झाली आणि बिस्किटं एकेक करून खाली गेली. तिसऱ्या हाकेनंतर तिने आर्डिथचा हात धरला.

"दोघं का आहेत?" तिने विचारलं.

"दोघं कोण?"

"हा एक. आणि त्याच्या मागे तसंच म्हणणारा."

आर्डिथने आतापर्यंत फक्त व्हर्नला ऐकलं होतं. शनिवारी तिने आवाज पूर्ण वाढवला आणि कान जाळीला लावला. होता. व्हर्न "किचन" म्हणायचा, आणि क्षणभराने, लांब पाण्यापलीकडून, तोच आवाज "किचन" म्हणायचा. पण जरा वेडावाकडा. 'च'वर अडखळायचा. कुणीतरी धडा गिरवत असल्यासारखा.

"प्रतिध्वनी," लमार फोनवर म्हणाला. "डोंगराला आपटून येतो."

"डोंगर अडखळतो का, लमार?"



रविवारी मागचा आवाज अडखळला नाही. सोमवारी तो जवळून आला, खडीवरच्या पावलांसकट. आणि व्हर्न हळू बोलायला लागला होता, कुणी ऐकू नये असा. तरी निरोप देईना. तीनदा हाक, वाट बघणं, बंद. चौदा महिने मेलेला माणूस, मागे कुणीतरी उभं, आणि याला नियम सुटत नव्हता. आर्डिथला त्याचा राग आला. मग लक्षात आलं, की तो एका शब्दासाठी थांबलाय आणि तो शब्द तिने म्हणायचाय.

६

"वॉकीटॉकी? कशाला?" लमारने विचारलं.

"जुनी चालेल. चार नंबर असलेली."

"मिसेस क्लिंगर, डॉर्कसने गावभर सांगितलंय. मी तुम्हाला ती दिली आणि त्यावर कुणी उत्तर दिलं तर मी काय करायचं?"

"तू काही करायचं नाहीस. तुला कुणी हाक मारलेली नाही."

त्याने स्टेशनच्या कपाटातून एक घासलेली वॉकीटॉकी आणून दिली, चार्ज करून. जाताना दारात वळला. "त्याला सांगा की..." म्हणाला, आणि मग काय सांगायचं ते न सुचून निघून गेला.

मंगळवार. अकरा चाळीस.

"टँकर एकोणीस, किचन." जवळजवळ कुजबुज.

आर्डिथने बटण दाबलं. "किचन," ती म्हणाली. "बोल, व्हर्न. ऐकत्येय."

इथे बटण सोडायचं असतं. बोला, सोडा, ऐका. बटण दाबलेलं असेपर्यंत आपल्याला काहीही ऐकू येत नाही. व्हर्नने पोरांच्या तीन पिढ्यांना हे शिकवलं. पण आर्डिथ तीस वर्षं स्कॅनरवाली. स्कॅनरला सोडायला काही नसतंच. तिच्या अंगठ्याला ते कधी शिकावं लागलं नव्हतं, आणि चौदा महिने छातीशी धरलेलं आता बाहेर यायला लागलं होतं.

"मला माफ कर. पाय खरंच चिवट होता. मी लोणी कमी घातलं होतं. तू म्हणालास ते खरं होतं, त्याचाच राग आला." तिने श्वास घेतला. "मी तुझं चॅनेल बंद केलं होतं, व्हर्न. कुणाला सांगितलं नाही. लमारला वाटतं हाक पोचली नसती. पोचली असती. मी इथेच होते, ओट्याशी. फोन हातभर लांब होता." परत श्वास. "तू मारलीस का हाक? मारली असशील तर मी..."

फ्रिजवरच्या स्कॅनरमधून तिचाच आवाज घरभर घुमत होता. तो कमी करायला ती फ्रिजकडे वळली आणि अंगठा सुटला.

"...म्हणून सांगतो, आर्डी, काही झालं तरी उघडू नकोस. एवढंच होतं. टँकर एकोणीस, बंद."

इंजिन थांबलं. पाणी थांबलं. स्कॅनर चारवरून उठला आणि निमूटपणे पुढच्या चॅनेलवर गेला. तिथे कुणीतरी पेट्रोल पंपावर विसरलेल्या कुत्र्याबद्दल सांगत होतं.

तिने वॉकीटॉकीची बॅटरी मरेपर्यंत हाका मारल्या. त्याला 'बोल' म्हटलं होतं आणि तो बोलला होता. त्याच्या हिशेबी निरोप पोचला होता. तो कशाला थांबेल?

७

काय उघडू नकोस, हे ती बोलत असताना सांगून झालं होतं.

आर्डिथने सगळंच बंद ठेवलं. पत्रं उघडली नाहीत. लोणच्याच्या बरण्या उघडल्या नाहीत. स्टेशनवरून आलेली व्हर्नची पत्र्याची पेटी पलंगाखाली सरकवली. ओव्हनमध्ये खिम्याचा मीटलोफ होता, तो जळाला. ओव्हनबद्दलच असेल, असंही तिला वाटून गेलं. व्हर्नची काळजी कुठे जाईल ते सांगता येत नसे, एकदा घराला आग लागलेली असताना तो मालकाला गटाराबद्दल बोलला होता. फ्रिजचं दार ती डोळे मिटून उघडायची आणि हाताला लागेल ते खायची.

बुधवारी लमार वॉकीटॉकी न्यायला आला. तिने ती खिडकीतून दिली. खिडकी आधीपासून उघडीच होती, म्हणून ती धरली नाही.

"उत्तर आलं?"

"आलं."

"काय म्हणाला?"

"मी मध्ये बोलले," आर्डिथ म्हणाली.

लमारने मान खाली घातली. बंबवाल्याला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

८

शुक्रवारी, अकरा चाळीसला, स्कॅनर कुठेच थांबला नाही. मागच्या दारावर टकटक झाली. दोनदा.

तीन आठवड्यांत पाऊस नव्हता. तरी दाराखालून पाण्याची एक रेघ आत आली आणि टेबलाच्या पायाकडे निघाली.

"किचन," बाहेरून व्हर्नचा आवाज म्हणाला.

थांबण्याची लांबी बरोबर होती. कुणीतरी तेही शिकलं होतं, किंवा मग कुणाला शिकायची गरजच नव्हती. तिला सांगता येईना. नेमकं हेच सांगणारी वाक्यं तिने स्वतःच्या आवाजाने झाकली होती.

"किचन."

ती दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. तीस वर्षांत तिने त्याला एकदाही उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलं तेव्हा त्याचं ऐकलं नव्हतं. बाहेर तो असेल आणि ही तिसरी हाकही वाया गेली तर ते पुन्हा 'एल'चं बटण दाबल्यासारखंच होतं.

"किचन."

"बोल," आर्डिथ म्हणाली.

बाहेर बराच वेळ काही नाही. ज्याला हाक मारायचीच माहिती आहे आणि पुढचं कुणी शिकवलं नाही, असा वेळ. नुसतं पाणी ठिबकत होतं. मग व्हर्नच्या आवाजात, एकेक शब्द नीट लावत, ते म्हणालं:

"मला माफ कर. पाय खरंच चिवट होता. मी लोणी कमी घातलं होतं."

तिचा हात कडीवरून निघाला.

"तू म्हणालास ते खरं होतं, त्याचाच राग आला." मग श्वास. तिनेच घेतला होता तो, तेवढाच लांब. "मी तुझं चॅनेल बंद केलं होतं, व्हर्न."

सगळं होतं. अक्षर चुकलं नव्हतं. मंगळवारी त्या चॅनेलवर जे काही गेलं ते त्याने घोकून आणलं होतं आणि आता परीक्षेला उभं राहिल्यासारखं म्हणत होतं. आर्डिथ भिंतीला टेकली. पळावं, डॉर्कसकडे जावं, पुढचं दार तर मोकळं होतं.

आणि मग तिला दुसरं काही सुचलं.

बटण तिने दाबलेलं होतं, म्हणून तिला ऐकू आलं नाही. बाहेर जे होतं त्याने कुठलंच बटण दाबलं नव्हतं. दोघं एकदम बोलले की तिसऱ्याला दोघांचा काला ऐकू येतो, व्हर्ननेच कधीतरी सांगितलं होतं. आता नीट कान दिला तर तिच्या वाक्यांखाली काहीतरी होतं खरं. घरघर. शब्द नव्हेत, व्हर्नच्या शब्दांच्या कडा. जिथे ती श्वासाला थांबली होती तिथे त्या कडा वर यायच्या, आणि तिचं पुढचं वाक्य येऊन त्यांना परत बुडवायचं.

आर्डिथ पाण्यात गुडघ्यावर बसली. कान दाराच्या लाकडाला लावला. लाकूड गार होतं आणि पलीकडून त्याच उंचीवर काहीतरी टेकलं.

"तू मारलीस का हाक? मारली असशील तर मी..." ते म्हणालं आणि थांबलं.

"कळलं नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हण. आणि श्वासाला जरा जास्त थांब."